सणासुदीसाठी हातची गोधडी: कापडाच्या निवडीपासून गोटापर्यंत

भेट म्हणून हातची गोधडी द्यायची असेल तर आधी रंग ठरवू नका, तारीख ठरवा. ज्या दिवशी ती समोरच्याच्या हातात द्यायची आहे, तिथून मागे मोजत या. शेवटचा आठवडा धुणं, वाळवणं आणि राहिलेलं बारीकसारीक सुईकाम यासाठी मोकळा ठेवा. त्याआधीचा आठवडा गोटाचा, म्हणजे कडेने पट्टी शिवण्याचा. त्याआधीचे दोन आठवडे तिन्ही थर एकत्र टाचण्याचे आणि सुरुवातीचे दोन कापून-जोडून वरचा थर तयार करण्याचे. मशीनवर शिवणाऱ्या, रोज तासभर बसू शकणाऱ्या माणसाला हा सहा आठवड्यांचा हिशेब पुरतो. टाचणीचं सगळं काम हातानेच करायचं असेल तर तीन-चार महिने आधी सुरुवात करा.

एका मोसमात एकच गोधडी करा. बाकीच्यांसाठी उरलेल्या तुकड्यांचे उशीचे अभ्रे शिवता येतात, आणि तेही तितक्याच मायेने घेतले जातात. घाईत शिवलेल्या तीन गोधड्यांच्या शिलाया दुसऱ्या धुण्यात उसवतात. नीट केलेली एक गोधडी वीस वर्षं अंगावर राहते.

म्हणूनच इथे नक्षी मुद्दाम साधी घेतली आहे: नुसते चौकोन, एक गडद, एक फिकट. चौकोनांची गोधडी सोपी म्हणून कमी दर्जाची, असं मला मुळीच वाटत नाही. मापात कापलेले आणि कोपऱ्याला कोपरा जुळलेले चौकोन अवघड नक्षीच्या ओढूनताणून बसवलेल्या तुकड्यांपेक्षा कधीही सुंदर दिसतात.

किती कापड लागेल

तयार माप धरू ४८ × ६० इंच, म्हणजे साधारण १२२ × १५२ सेंटिमीटर. खुर्चीत बसून पायांवर घ्यायला आणि सोफ्यावर आडवं झाल्यावर पांघरायला हे बरोबर पडतं. त्यासाठी साडेसहा इंचांचे ८० चौकोन लागतात, ४० गडद आणि ४० फिकट. शिलाईत चारही बाजूंनी पाव-पाव इंच गेलं की प्रत्येक चौकोन सहा इंचांचा उरतो. आठ आडवे, दहा उभे.

कापडाचा वापरता येण्याजोगा पन्हा, म्हणजे रुंदी, ४२ इंच असेल तर एका पट्टीत सहा चौकोन बसतात. गडद आणि फिकट दोन्हींच्या प्रत्येकी सात पट्ट्या. आटणं धरून प्रत्येकी दीड मीटर कापड घ्या. अस्तर, म्हणजे मागचा थर, चारही बाजूंनी चार इंच मोठं हवं, म्हणजे ५६ × ६८ इंच. तेवढा पन्हा नसल्याने दोन तुकडे जोडावे लागतील, त्यासाठी तीन मीटर घ्या. भरण, म्हणजे मधला थर, तोही ५६ × ६८ इंचच. गोटासाठी अर्धा मीटर पुरे.

कापड शंभर टक्के सुती घ्या. जुने शर्ट, फ्रॉक, चादरी वापरायला काहीच हरकत नाही, उलट भेटीला त्यामुळे अर्थ येतो. मात्र झिजून पातळ झालेले भाग, म्हणजे कोपरं, कॉलरची घडी, चादरीचा मधला भाग, गाळून टाका. टी-शर्टचं कापड ताणतं, त्याला मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंग लावल्याशिवाय कापू नका.

रंगांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सणाच्या गोधड्या बहुतेक वेळा इथेच फसतात. दुकानात लाल आणि हिरवा शेजारी ठेवले की उठून दिसतात. पण दोन्ही सारखेच गडद असतील तर गोधडीत ते एकमेकांत मिसळून जातात आणि चौकोन दिसेनासे होतात. निवडलेली कापडं ओळीने मांडा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. ज्या दोन कापडांची करडी छटा एकच दिसते ती शेजारी ठेवायची नाहीत. कृष्णधवल फोटोतही चौकोन वेगळे दिसले, तर रंग कोणतेही असोत, गोधडी उठावदार होणार.

आणि सगळी गोधडी सणाच्या चित्रांनी भरू नका. एखादं-दुसरं छापील कापड तसं घ्या, बाकीचे रंग वर्षभर चालतील असे ठेवा. नाहीतर ती गोधडी सण संपला की कपाटात जाते.

आधी धुणं, मग कात्री

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि प्रत्येक कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटतं. शिवून झाल्यावर हे घडलं तर गोधडी ठिकठिकाणी आवळते. म्हणून आधी धुवा. लाल, मरून, गर्द निळा, गर्द हिरवा यांची रंगपरीक्षाही घ्या. छोटा तुकडा साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा आणि मग पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. डाग पडला तर ते कापड वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. दोन-तीन धुण्यांनंतरही रंग जातच असेल तर फिकट चौकोनांच्या शेजारी त्याला जागा देऊ नका.

वाळल्यावर इस्त्री करा आणि विणीच्या काठाची जाड किनार कापून टाका. पट्ट्या कापडाच्या धाग्याला धरून कापायच्या. तिरप्या, म्हणजे उरेब कापलेल्या कडा ताणतात आणि चौकोन शिवताना वेडेवाकडे होतात. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा), मॅट आणि पारदर्शक पट्टी असेल तर काम भराभर होतं. प्रत्येक कापानंतर पातं झाकायची सवय मात्र लावून घ्या. ही साधनं नसतील तर पुठ्ठ्याचा अचूक साडेसहा इंचांचा चौकोन करा, खडूने आखा आणि धारदार कात्रीने कापा. पुठ्ठ्याच्या कडा झिजतात, तेव्हा पंधरा-वीस चौकोनांनंतर नवा घ्या.

पाव इंच म्हणजे पाव इंचच

सगळ्या गोधडीत मी सर्वात जास्त आग्रह धरीन तो याच गोष्टीचा. प्रत्येक शिलाईत एक सोळांश इंच जास्त गेला तर दोन्ही बाजूंचं मिळून एक अष्टमांश इंच कमी होतं. दहा ओळी जोडताना अशा नऊ शिलाया येतात, म्हणजे लांबी इंचभराहून जास्त घटते. त्याहून वाईट म्हणजे काही शिलाया जास्त, काही कमी असतील तर कोपरे जुळतच नाहीत.

तपासायची पद्धत सोपी आहे. अडीच इंच रुंदीच्या तीन छोट्या पट्ट्या शेजारी-शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली मोजा. ती बरोबर दोन इंच भरली पाहिजे. भरत नसेल तर सुई किंवा कापडाची जागा सरकवा, पुन्हा तपासा, आणि बरोबर जागा सापडली की मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टी लावून ती पक्की करा. कापडाची कड तिला टेकवून शिवत जायचं. सुई नवी घाला, ८०/१२ नंबरची चालते, आणि टाका अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

आता सगळे चौकोन जमिनीवर मांडा. पहिली ओळ गडदने सुरू, दुसरी फिकटने, असं आलटून-पालटून. एकच कापड दोनदा जवळ आलं असेल तर बदला, दूर उभं राहून पाहा, फोटो काढून ठेवा. मग ओळीने गोळा करा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर ओळीचा नंबर टाचा.

एका ओळीतले आठ चौकोन जोडले की शिलाईची माया, म्हणजे शिलाईबाहेर उरलेली पाव इंचाची कड, नेहमी गडद चौकोनाकडे वळवून इस्त्री करा. याचे दोन फायदे आहेत. गडद कडा फिकट कापडातून दिसत नाहीत. शिवाय गडद-फिकट एकाआड एक असल्यामुळे शेजारच्या दोन ओळींच्या माया आपोआप उलट दिशांना जातात. ओळी एकमेकींवर ठेवल्या की बोटाला त्या एकमेकींत अडकलेल्या जाणवतात. तिथे टाचणी लावा आणि शिवा, कोपरे जुळतात. इस्त्री घासू नका, वरून दाबा आणि उचला.

तीन थर

अस्तर उलटी बाजू वर करून जमिनीवर पसरा आणि कडा चिकटपट्टीने बांधा. ताठ असावं, ताणलेलं नसावं. त्यावर भरण, त्यावर वरचा थर, सुलटी बाजू वर. मधून बाहेरच्या दिशेने तळहात फिरवत सुरकुत्या काढा आणि तशाच क्रमाने दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावा. पिना नसतील तर लांब कच्चे टाके घाला, मधून कोपऱ्यांकडे.

भरण निवडताना एवढं पाहा: सुती भरण पातळ, जड आणि जुनं होईल तसं मऊ होत जाणारं असतं, पॉलिस्टरचं हलकं, फुगीर आणि लवकर वाळणारं, लोकरीचं उबदार पण धुताना जपावं लागणारं. मऊ झालेली जुनी चादर किंवा पातळ ब्लँकेटही चालतं. तयार भरणाच्या पाकिटावर टाचणीच्या दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं. ते वाचाच, कारण त्याहून जास्त अंतर सोडलं तर धुण्यात भरणाच्या गुठळ्या होतात.

टाचणीचे मार्ग तीन. मशीनवर करायची असेल तर वॉकिंग फूट, म्हणजे सगळे थर एकसारखे सरकवणारा मशीनचा पाय, लावा, टाका तीन मिलिमीटर करा आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर सरळ रेषा मारा. पहिली रेषा मधल्या जोडावर. जोडांच्या रेषांमध्ये साडेपाच इंच जागा उरते. तुमच्या भरणाला ते जास्त असेल तर प्रत्येक चौकोनाच्या मधूनही एक रेषा घ्या.

हाताने करायची असेल तर धावदोरा. दोरा ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका, तो गुंततो आणि झिजतो. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. गाठ वरून हलकेच ओढून भरणात लपवायची. टाके बारीक असण्यापेक्षा सारखे असणं महत्त्वाचं, आणि प्रत्येक टाका अस्तरापर्यंत पोहोचायला हवा.

तारीख जवळ आली असेल तर तिसरा मार्ग घ्या आणि मनात जराही कमीपणा आणू नका: दर चार इंचांवर जाड सुती दोऱ्याने तिन्ही थरांतून टाका घालून दुहेरी पक्की गाठ मारा. एवढी गोधडी दोन-तीन संध्याकाळी होते आणि पांघरायला ती जास्त फुगीर, मऊ लागते.

गोट

जादा भरण आणि अस्तर पट्टी लावून सरळ कापा. चारही कोपरे काटकोनात आहेत ना, ते इथेच पाहून घ्या. गोटासाठी अडीच इंच रुंदीच्या सहा पट्ट्या कापा. कडा सरळ असल्याने उरेब पट्टीची गरज नाही, ती फक्त गोलाई असेल तिथे लागते. पट्ट्या तिरप्या जोडाने एकमेकींना जोडा, लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा.

पट्टीचं सुरुवातीचं टोक तिरपं दुमडून घ्या. गोधडीच्या पुढच्या बाजूला, एका कडेच्या मध्यावर ते ठेवून पट्टीची उघडी कड गोधडीच्या कडेला लावा आणि पाव इंचावर शिवत जा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, टाका पक्का करा, दोरा कापा. पट्टी सरळ वर दुमडा, म्हणजे ४५ अंशांची घडी पडेल. मग तीच पट्टी खाली आणून नव्या कडेला लावा आणि कोपऱ्यापासून पुन्हा शिवायला लागा. पट्टी मागे वळवली की कोपरा आपोआप नीट बसतो. फेरी पूर्ण झाली की शेवटचं टोक सुरुवातीच्या घडीत सारून शिवा. मागची बाजू हाताने, लपत्या टाक्याने तुरपा.

द्यायच्या आधी

थंड पाण्यात, सौम्य साबणाने एकदा धुवा आणि आडवी पसरून वाळवा. भिजलेली गोधडी जड होते, दोरीवर एका टोकाला लटकवली तर शिलायांवर ताण येतो. या धुण्यात ती थोडी चुरगळल्यासारखी दिसेल. तेच तिचं रूप, इस्त्री करू नका.

तान्ह्या बाळासाठी केली असेल तर मणी, बटणं, मोकळे गोंडे लावू नका, आणि आईवडिलांना स्पष्ट सांगा की वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी ती ठेवायची नाही. बाळ जागं असताना, कोणीतरी जवळ बसून, खाली अंथरून खेळवायला ती उत्तम.

मागच्या कोपऱ्यात छोट्या कापडावर न पुसणाऱ्या शाईने कोणासाठी, कोणी, कोणत्या वर्षी केली ते लिहून टाचा. त्याच कापडावर थंड पाण्यात धुवावी, असंही लिहा. देताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल कोंडते. सुती कापडात गुंडाळा, आणि उरलेले दोन-चार तुकडे त्यातच ठेवा, कधी फाटलीच तर ठिगळाला तेच कापड मिळेल.