हातातला स्वस्त स्कोप घेतलाय? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एका सोलर दिव्याचा बोर्ड दुरुस्तीला आला, त्यात 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा एलएम2596 आयसी होता. आयसीच्या आउटपुट पायावर माझा छोटा स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची वेव पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर चौकोनी वेवच्या जागी डुगडुगणारी टेकडी, उंची पण दर वेळी वेगळी. म्हणलं आयसी गेला. आयसी बदलला, तसंच. कॉइल बदलली, तरी तसंच. दोन दिवस गेले, शेवटी ओळखीच्या एका पोराकडून मोठा स्कोप मागून आणला आणि लावला तर वेव एकदम कडक चौकोनी. दोष निघाला कुठं, तर बॅटरीच्या कनेक्टरला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका. पाच मिनिटांचं काम.

आयसी 150 किलोहर्ट्झवर चालतो, माझा स्कोप 200 किलोहर्ट्झचा, मग दिसायला पाहिजे ना? इथंच सगळे फसतात, मी पण फसलो. स्वस्त स्कोपमधला डीएसओ 138 घ्या नाहीतर 150, दोन्हीची बँडविड्थ (किती वेगाची वेव झेपते ती मर्यादा) 200 किलोहर्ट्झ, आणि याचा अर्थ असा की 200 किलोहर्ट्झची साधी साइन वेव सुद्धा त्यावर 70 टक्के उंचीचीच दिसते. चौकोनी वेवला तर तिच्या तिप्पट, पाचपट फ्रिक्वेन्सीचे भाग लागतात, म्हणजे 450, 750 किलोहर्ट्झ, ते स्कोपच्या आत जायच्या आधीच मार खातात. सोपा हिशोब करायचा, 0.35 ला बँडविड्थने भागायचं. 200 किलोहर्ट्झला 1.75 मायक्रोसेकंद येतं, म्हणजे कितीही झटक्यात चढणारी वेव असली तरी या स्कोपला ती चढायला तेवढा वेळ लागल्यासारखी दिसणार. माझ्या बोर्डावर अख्खी सायकलच 6.7 मायक्रोसेकंदांची, त्यात चढ-उतारालाच निम्मी जागा गेली, मग टेकडी नाही दिसणार तर काय! वरून सेकंदाला 10 लाख नमुने (एक नमुना म्हणजे त्या क्षणाला मोजलेलं व्होल्टेज), म्हणजे एका सायकलला मोजून सहा-सात ठिपके. चौकोनी वेव नीट बघायची तर तिच्या पाच ते दहा पट बँडविड्थ लागते. आता स्कोपच्या पाठीवर पांढरी पट्टी चिटकवून त्यावर मार्करनं लिहून ठेवलंय, '20 किलोहर्ट्झच्या वर चौकोन बघू नको'.

आणि डब्यावर 100 मेगाहर्ट्झ लिहिलेलं असलं तरी लगेच भुलू नका. नमुने घ्यायचा वेग आणि बँडविड्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) पळतो, पण त्याच्या आधीचा अँप्लिफायर तेवढा पळतोच असं नाही.

टाइमबेसचं, म्हणजे पडद्यावरच्या एका खान्यात किती वेळ दाखवायचा त्या सेटिंगचं, खूळ तर याहून वाईट. फवारणी पंपाचा रेग्युलेटर बघायचा म्हणून एकानं टाइमबेस 50 मिलिसेकंदावर ठेवला आणि मला म्हणतो, दादा, पीडब्ल्यूएम (मोटारीचा वेग ठरवणारी चालू-बंद वेव) लई हळू चालायलंय, म्हणून मोटार ओढंना. आता या छोट्या स्कोपची मेमरी इवलीशी, टाइमबेस वाढवला की तो नमुने गुपचूप कमी घेतो. एका खान्यात 25 ठिपके धरले तर 50 मिलिसेकंदाला सेकंदाचे फक्त 500 नमुने झाले, आणि खरा पीडब्ल्यूएम असतो हजारोंच्या घरात. मग पडद्यावर जे हळू डोलताना दिसतं ते असतं भूत! स्कोप कधी 'मला दिसंना' असं म्हणत नाही, काहीतरी काढून दाखवतोच. म्हणून कायम सगळ्यात वेगवान टाइमबेसपासून सुरू करा आणि मग हळूहळू वाढवत या. टाइमबेस बदलल्यावर वेवची फ्रिक्वेन्सीच बदलली तर ती वेव खरी नाही समजायचं.

आता जिवाची गोष्ट. अशा बऱ्याच स्कोपची मर्यादा 1एक्सला 40-50 व्होल्ट असते (प्रोब म्हणजे स्कोपची मोजायची वायर, 1एक्सला ती व्होल्टेज जसंच्या तसं आत सोडते, 10एक्सला दहावा भाग). घरातली लाइट 230 व्होल्ट म्हणतो आपण, पण तिचं टोक जातं 325 ला, आणि आपल्याकडं शेतावर रात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज 260 ला गेलेलं मी स्वतः बघितलंय, तेव्हा टोक होतं 368. 10एक्सचा प्रोब लावून ते कसंबसं बसतं, पण प्रोबवरचं ते सरकतं बटण बॅगेत घासून कधी 1एक्सवर गेलं कळत पण नाही. त्यात ग्राउंडची क्लिप फेजला लागली तर स्कोपच्या सॉकेटचं उघडं धातू पण फेज झालं, वर हात लागला की संपलं. स्कोप चार्जिंगला लावून किंवा लॅपटॉपला जोडून हे करू तर नकाच, लॅपटॉपच्या अर्थिंगमधून क्लिप सरळ जमिनीला जोडली जाते आणि मग धमाका. लाइनचं काही बघायचं असेल तर मधे छोटा ट्रान्सफॉर्मर टाकून 12 व्होल्टवर बघा.

रानडुकरांसाठी लावतात ते झटका मशीन, त्याच्या आउटपुटला एकानं डायरेक्ट प्रोब लावला होता. तिथं काही हजार व्होल्ट असतात. स्कोपचा पडदा पांढरा पडला तो पडलाच.

छोट्या चुका पण सांगून टाकतो. प्रोब 10एक्सवर आणि मेनूत 1एक्स असलं की 12 व्होल्टची बॅटरी 1.2 दाखवते आणि पोरं बॅटरी फेकायला निघतात. प्रोब मोकळा लोंबकळत असताना 50 हर्ट्झची वेव दिसली तर स्कोप बिघडला नाही, घरातली वायरिंगच त्याला दिसतीय. इन्व्हर्टरच्या चौकोनी वेवचं डोकं तिरकं दिसलं तर आधी स्कोपवरचं कपलिंगचं बटण (एसीवर ते डीसीचा भाग अडवतं) एसीवरून डीसीवर घ्या. रिपल (डीसीवरची बारीक लहर) मोजायच्या आधी प्रोबचं टोक त्याच्याच क्लिपला टेकवून बघा, तरीही 15-20 मिलिव्होल्टचं गवत राहिलं तर ते सर्किटचं नाही, स्कोपचं स्वतःचं आहे. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, अशा बऱ्याच स्कोपच्या आत लिथियमचा सेल असतो बाबांनो.

एवढं बोललो म्हणून फेकून देऊ नका पण. टीव्हीच्या रिमोटची 38 किलोहर्ट्झची वेव येते का नाही, अँप्लिफायरचा आवाज कुठल्या टप्प्यावर फाटतो, सेकंदाला 9600 बिट जाणाऱ्या सिरियल लाइनवर डेटा हलतो का, हे सगळं बघायला तो पुरतो. सिरियल लाइनवर एक बिट 104 मायक्रोसेकंदांचा असतो म्हणून आरामात दिसतो. माझी रोजची निम्मी कामं अजून त्याच डबीवर होतात, फक्त कन्व्हर्टरचा बोर्ड आला की ती ड्रॉवरमधे जाते.