परदेशातली ऑफर: खर्च आणि सेफ्टी एकाच शीटमध्ये कसं मांडायचं

बाहेरची ऑफर आली की घरात दोन प्रश्न सुरू होतात. पोरगं किंवा पोरगी लॅपटॉप उघडून बघत बसते महिन्याला किती वाचतील, आणि आई-बाबा किचनमधून विचारतात तिकडे सेफ आहे ना गं सगळं. पहिल्याचं उत्तर एक्सेलमध्ये काढतात, दुसऱ्याचं मात्र यूट्यूबवरच्या कुठल्यातरी व्हिडिओवरून किंवा मावशीच्या शेजारणीच्या मुलाला काय झालं त्यावरून ठरतं. माझं म्हणणं एवढंच की सेफ्टी पण बऱ्याच वेळा विकत घ्यावी लागते, म्हणून तिचे पैसे त्याच एक्सेलमध्ये धरा.

तसं ठाण्यात घर घेताना आपण हेच करतो. पुढे दिवा स्टेशनजवळ तेवढ्याच पैशात मोठा फ्लॅट येतो हे सगळ्यांना माहितीये, तरी माणसं नौपाड्यात नाहीतर वर्तकनगरला जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके बघतात, कारण सकाळच्या लोकलला लटकणं आणि रात्री स्टेशनवरून घरी येणं याची किंमत आपण मनातल्या मनात घराच्या किमतीत धरलेली असते. बाहेरच्या शहराच्या वेळी मात्र हे सगळं विसरून आपण फक्त पॅकेज बघतो.

आधी पगार. रुपयात कन्व्हर्ट करून खूश व्हायचं नाही, हातात किती येतो ते त्यांच्याच पैशात काढायचं. समजा डब्लिनला ६०,००० युरोची ऑफर आहे. ४४,००० पर्यंत २० टक्के टॅक्स, त्याच्या वर ४० टक्के, शिवाय यूएससी आणि पीआरएसआय नावाच्या दोन कपाती, असं सगळं जाऊन एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण ३,७०० युरो येतात. जर्मनीत ग्रॉसमधून ३५-४० टक्के सहज कापले जातात, पण त्यात हेल्थ इन्शुरन्स आला आणि नोकरी न करणारा नवरा-बायको आणि मुलं सरकारी इन्शुरन्समध्ये वेगळे पैसे न भरता बसतात. दुबईत पगारावर टॅक्सच नाही, पण भाड्याचे चेक आगाऊ द्यावे लागतात आणि वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी पाण्या-विजेच्या बिलातून हळूहळू वसूल होते, ते कोणी सांगत नाही. यूकेला जायचं तर व्हिसाच्या वेळीच मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज, तोही जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला कंपनी ते भरणार की आपण हा प्रश्न ऑफर लेटरवर सही करायच्या आधीच विचारायचा.

आता सेफ्टी. इथे लोक सगळ्यात जास्त गंडतात कारण ‘सेफ’ म्हणजे नक्की काय ते कोणी विचारतच नाही. कागद घ्या आणि जाणाऱ्या माणसाला खरोखर काय होऊ शकतं ते लिहा. एकटी मुलगी, शिफ्ट रात्री ११ ला सुटते. किंवा दोन लहान मुलं, शाळेत सोडायला कोणी नाही. किंवा बरोबर बीपीवाले सासरे. प्रत्येकाची यादी वेगळी निघेल, एकात रस्त्यावरची छेडछाड वर असेल तर दुसऱ्यात रात्री २ ला हॉस्पिटल किती लांब आहे हे वर असेल. यादीत मारामारी-चोरीच्या जोडीला वंशद्वेष, रस्ते अपघात, भूकंप आणि व्हिसा जाणं हे पण येऊ द्या.

मग रँकिंगं बघा, पण ती काय मोजतात ते समजून. नंबियो नावाच्या वेबसाइटचा क्राइम इंडेक्स सगळे फॉरवर्ड करतात, तो लोकांनी तिथे भरलेल्या उत्तरांवरून बनतो, पोलिसांच्या आकड्यांवरून नाही, म्हणजे तिथल्या लोकांना किती भीती वाटते ते कळतं. ग्लोबल पीस इंडेक्समध्ये आइसलँड २००८ पासून पहिला आहे, पण त्यात सैन्यावरचा खर्च आणि शेजारच्या देशांशी भांडणं पण धरतात, तुमच्या बस स्टॉपशी त्याचा काय संबंध? त्यातल्या त्यात देशाचा अंदाज घ्यायला लाखामागे खून हा आकडा बरा, कारण खून लपत नाही. जपानमध्ये तो ०.३ च्याही खाली, भारतात ३ च्या आसपास, अमेरिकेत ५ च्या आसपास, दक्षिण आफ्रिकेत ४० च्या वर. पण हा पण देशाचा आकडा. त्याच जपानमध्ये टोकियोच्या लोकलला गर्दीच्या वेळी बायकांचा वेगळा डबा लावावा लागतो, आणि तो कशासाठी हे ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरने जाणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको.

म्हणून एरियापर्यंत खाली उतरायचं. इंग्लंड-वेल्ससाठी पोलीस डॉट यूके ही साइट आहे, पोस्टकोड टाकला की त्या गल्लीच्या आसपास गेल्या महिन्यांत काय काय नोंदलं गेलं ते नकाशावर दिसतं. बघताना एक लक्षात ठेवा, लंडनच्या वेस्टमिन्स्टरसारख्या ठिकाणी आकडे भयंकर दिसतात कारण तिथे राहणारे थोडे आणि येणारे-जाणारे लाखो, त्यात मोबाइल आणि पाकीटमारी भरपूर, त्यामुळे एकूण आकडा न बघता मारहाण वेगळी काढा, घरफोडी वेगळी काढा. मग ऑफिसमधून त्याच पत्त्यावर परत यायची शेवटची ट्रेन किती वाजता, ती चुकली तर नाइट बस आहे का, स्टॉपपासून घर किती मिनिटं चालत, हे मॅपवर वेळ बदलून बघा. माझ्या मते एवढ्या पंधरा मिनिटांत जे कळतं ते दहा व्हिडिओंत कळत नाही.

तिथे राहणाऱ्या माणसांना जरूर विचारा, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे आणि मोठ्या शहरांत आपल्या लोकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतातच. फक्त ‘सेफ आहे का’ असं विचारू नका. तिकडे लोन काढून घर घेतलेला माणूस हो एकदम मस्त म्हणतो आणि परत यायला टेकलेला नको बाबा येऊ म्हणतो. असं विचारा: रात्री १० नंतर तुमची बायको कुठल्या स्टॉपवर उतरते? पोरं शाळेत कशी जातात? शेवटचं पोलिसांना कधी बोलावलं आणि ते किती वेळात आले? अशा प्रश्नाला गोलगोल उत्तर देता येत नाही.

आता खरं काम, सेफ्टीचे पैसे काढणं. परत डब्लिन घेऊ, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या भारतीय दूतावासाने भारतीयांवरच्या हल्ल्यांमुळे सूचना काढली होती, निर्जन भागात अवेळी जाऊ नका वगैरे, आणि तेव्हापासून आपल्याकडे आयर्लंड म्हटलं की घरचे घाबरतात. ऑफर नाकारायच्या आधी हिशेब करून बघा. समजा लांबच्या स्वस्त भागात रूम ८०० युरोला मिळते आणि ऑफिसच्या जवळ, वर्दळीच्या रस्त्यावर, ट्रॅमच्या स्टॉपपासून पाच मिनिटांवर १,१०० ला. स्वस्त रूमवरून रात्रीच्या शिफ्टला महिन्यात दहा वेळा २५ युरोची टॅक्सी धरली तर २५० तिथेच गेले. म्हणजे फरक ३०० चा दिसत होता तो ५० वर आला, आणि वर रोज रात्री आई जागी. इथे महाग रूम घ्यायची, डोकं लावायचंच नाही. ३,७०० मधून १,१०० गेले तरी एकट्या माणसाचं चांगलं भागतं. पण बायको-मुलांसकट तोच पगार असेल तर गणित फिरतं, डब्लिनमध्ये नवीन भाडेकरूला अख्खं घर २,००० च्या वरच पडतं, आणि रेफरल नसताना सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलात तर १०० युरो चार्ज आहे. तेव्हा ‘डब्लिन परवडतं का’ याला एकच उत्तर नाही, कोणासाठी आणि कुठल्या एरियात ते आधी सांगा.

उलट टोक म्हणजे जोहान्सबर्ग. भाडं, किराणा, हॉटेलचं खाणं युरोपच्या मानाने स्वस्त, शीट एकदम हिरवीगार दिसते. मग त्यात गेट असलेल्या कॉम्प्लेक्सचा मेंटेनन्स टाका, आर्म्ड रिस्पॉन्स म्हणजे बटण दाबलं की हत्यारबंद गार्ड येतात त्या कंपनीची फी टाका, खासगी मेडिकल इन्शुरन्स टाका आणि नवरा-बायको दोघांना वेगवेगळी गाडी, कारण चालत जाणं बऱ्याच ठिकाणी ऑप्शनच नाही. आता परत बघा काय वाचतंय. आणि सिंगापूर, जे भाड्यामुळे बदनाम आहे, तिथे मेडिकल इन्शुरन्स सोडला तर यातलं जवळपास काहीच विकत घ्यावं लागत नाही, रात्री एमआरटीने म्हणजे तिथल्या मेट्रोने येऊन चालत घरी जाता येतं.

कायद्याची रिस्क लोक धरतच नाहीत. दुबईत मेट्रोत बायका-मुलांचा वेगळा डबा आहे, रात्री टॅक्सीत भीती नाही, हे सगळं खरं. पण यूएईमध्ये खसखस नेलेली चालत नाही, सिंगापूरमध्ये पण नाही, आणि दिवाळीत आई प्रेमाने अनारसे बांधून देते त्यावर काय लावलेलं असतं ते तुम्हाला माहितीये. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, काही पेनकिलर यांनाही परवानगी लागते. बॅग भरताना आईशी भांडण झालं तरी चालेल. तसंच नोकरी आणि व्हिसा एकमेकांना बांधलेले असतात, अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा निघायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणून सगळ्यांची परतीची तिकिटं आणि तीन-चार महिन्यांचा तिथला खर्च हे बाजूला नसेल तर ती ऑफर मी तरी सेफ म्हणणार नाही, शहर कितीही शांत असू दे.

तळोजा-रबाळेच्या कंपन्यांतून गल्फला जाणारे टेक्निशियन, ड्रायव्हर यांनी एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड आहे का ते बघायचंच. आणि थायलंडमध्ये डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंग, राहणं-खाणं फ्री असलं काही आलं तर लांब राहा, अशा जाहिरातींनी पोरांना म्यानमार-कंबोडियात नेऊन सायबर फ्रॉडच्या कामाला जुंपल्याच्या सूचना परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून काढतंय.

एक गोष्ट घरच्यांना पण सांगा, शांतपणे. तुलना करताना आपली बाजू शून्य रिस्कची धरू नका. भारतात २०२३ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ७० हजारांहून जास्त माणसं गेली, जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून मेली, आणि घोडबंदरला पावसाळ्यात बाइकवरून रोज ऑफिसला जाणारा मुलगा मँचेस्टरच्या रस्त्यावर कोणी मारेल का म्हणून घाबरतो तेव्हा मला थोडं हसू येतं. दुसऱ्या बाजूने इथे रात्री छातीत दुखलं तर शेजारचे काका गाडी काढतात, तिकडे पहिले सहा महिने ते काका नसतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर याचं वजन चोरीपेक्षा जास्त धरा.

शेवटी ठरवताना खर्चाला इतके मार्क, सेफ्टीला इतके मार्क आणि त्याची सरासरी असलं काही करू नका, सरासरीत दुबईचा टॅक्स वाचला म्हणून व्हिसाची रिस्क झाकली जाते. आधी तुमच्या यादीतल्या दोन-तीन गोष्टी पक्क्या करा ज्यांच्याखाली जायचंच नाही, उदाहरणार्थ शिफ्टनंतर घरी यायला रोज खात्रीची सोय, २० मिनिटांत हॉस्पिटल. ज्या शहरात त्या तुमच्या पगारात बसत नाहीत ते शहर तिथेच कापा, पॅकेज कितीही असो. उरलेल्यांत मग बिनधास्त जिथे जास्त वाचतात तिकडे जा.

आणि घर इथून फोटो बघून बुक करू नका. बघायच्या आधी डिपॉझिट पाठवा म्हणणारा मालक बऱ्याच वेळा मालकच नसतो. कंपनीकडून पहिल्या महिन्याची राहायची सोय मागा, पगार वाढवून मागण्यापेक्षा हे लवकर मिळतं. त्या महिन्यात दोन-तीन एरिया स्वतः रात्री १० नंतर फिरून बघा, वीकडेला एकदा आणि शनिवारी पब सुटायच्या वेळेला एकदा, आणि मगच वर्षाचं ॲग्रीमेंट सही करा.