विमा रक्कम आणि हाती येणारी रक्कम: वैयक्तिक विमा समजून घेण्याची रीत

पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेली रक्कम आणि दाव्याच्या वेळी प्रत्यक्ष खात्यात जमा होणारी रक्कम यांत पुष्कळदा अंतर पडते. हे अंतर का पडते, हे बहुतेकांना रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळते. प्रस्तुत लेखात हाच हिशेब आधी मांडला आहे, आणि वैयक्तिक विम्यात काय येते व काय येत नाही याचे विवेचन त्या अनुषंगाने केले आहे.

माझ्या काकांचे उदाहरण घेऊ. त्यांची आरोग्य पॉलिसी तीन लाखांची होती आणि ती सलग सहाव्या वर्षी चालू होती, त्यामुळे पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया तिच्या कक्षेत येत होती. धंतोलीतील एका खाजगी रुग्णालयात ते दाखल झाले. महिना मे होता, आणि नागपूरच्या मे महिन्यात वातानुकूलित खोली नाकारण्याचे धैर्य फारच थोड्यांच्या अंगी असते. त्यांनी रोज ६,००० रुपयांची खोली घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये होती. वरचे ३,००० आपण भरू, चार दिवसांचे १२,००० होतील, असा काकांचा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात कंपनीने खोलीभाड्याबरोबरच शल्यचिकित्सकाचे शुल्क, भूल, शस्त्रक्रियागृह आणि परिचर्या हे सर्व खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे केले. या गटातील एकूण बिल १,२०,००० रुपये होते, त्यातले ६०,००० मंजूर झाले. औषधे व तपासण्या यांचे २६,००० रुपये या कपातीतून सुटले, मात्र त्यातच धरलेल्या हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे ४,००० रुपयांच्या बाबी देय नाहीत म्हणून वगळल्या गेल्या. एकूण १,४६,००० रुपयांच्या बिलापैकी ८२,००० मिळाले आणि ६४,००० घरातून भरावे लागले. तीन लाखांची विमा रक्कम या सर्व प्रकारात संपण्याच्या जवळपासही आली नव्हती!

या पद्धतीला प्रमाणशीर कपात म्हणतात आणि ती नियमबाह्य नाही. विमा नियामक प्राधिकरणाने तिला काही मर्यादा घातल्या आहेत. औषधे, शरीरात बसवायची उपकरणे, निदान-चाचण्या आणि अतिदक्षता विभागाचे शुल्क यांना ती लावता येत नाही. तसेच खोलीच्या दर्जानुसार डॉक्टरांचे व इतर दर बदलत नसतील, तर त्या रुग्णालयातील बिलालाही ती लागू होत नाही. म्हणून खोली निवडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे का, आणि या रुग्णालयात खोली बदलली की शस्त्रक्रियेचे शुल्कही बदलते का. नवी पॉलिसी घेत असाल, तर हप्ता थोडा अधिक पडला तरी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रामदासपेठ-धंतोली भागातील दर पाहता जुन्या, लहान रकमेच्या पॉलिसींतील १ टक्क्याची मर्यादा आता पुरेशी राहिलेली नाही.

खोलीभाड्याखेरीज आणखी तीन कलमे रक्कम कमी करतात. सह-देयक म्हणजे मंजूर रकमेचा ठरावीक हिस्सा विमाधारकाने स्वतः सोसण्याची अट. २०२० पासून सर्व कंपन्यांनी विकणे बंधनकारक असलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत हा हिस्सा ५ टक्के आहे. वजावट म्हणजे तेवढ्या रकमेपर्यंतचा खर्च तुमचा आणि त्यावरचा कंपनीचा. उपमर्यादा म्हणजे मोतीबिंदूसारख्या विशिष्ट उपचाराला बांधून दिलेली कमाल रक्कम.

यानंतरचा प्रश्न विमा केव्हापासून लागू होतो हा आहे. आरोग्य विम्यात पहिल्या ३० दिवसांत अपघात वगळता अन्य आजारांचा खर्च मिळत नाही, त्यामुळे पावसाळा सुरू झाल्यावर डेंग्यूच्या धास्तीने घेतलेली पॉलिसी लगेच उपयोगी पडेल असे नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूतखडा, सांधेबदल यांसारख्या नामनिर्दिष्ट आजारांसाठी वेगळा प्रतीक्षा कालावधी असतो. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब अशा आजारांसाठीचा कालावधी २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही सलगता जपणे फार महत्त्वाचे आहे. वार्षिक हप्त्याची तारीख चुकली तर ३० दिवसांच्या सवलत कालावधीत भरणा करून आधी पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी वाचवता येतो, पण मधल्या खंडाच्या दिवसांत उद्भवलेल्या आजाराचा खर्च मात्र मिळत नाही.

आता प्रस्ताव अर्जाकडे वळू, कारण नाकारलेल्या दाव्यांचे मूळ बहुधा तेथे सापडते. आपल्याकडे हा अर्ज ओळखीचा एजंट भरतो, अनेकदा तो नात्यातलाच असतो, आणि ‘तुम्ही फक्त सही करा, भाऊजी’ एवढ्यावर काम उरकते. विमा हा परमविश्वासाचा करार मानला जातो आणि अर्जातील प्रत्येक उत्तराची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. नागपुरात एका प्रश्नावर विशेष घोटाळा होतो. ‘तंबाखूचे सेवन करता का?’ या प्रश्नाला सिगारेट न ओढणारा माणूस निःशंकपणे ‘नाही’ लिहून मोकळा होतो आणि दिवसातून चार वेळा खर्रा खातो. खऱ्र्यात तंबाखू असते, त्यामुळे ते उत्तर खोटे ठरते. खरे उत्तर दिल्यास हप्ता वाढेल, हे मान्य. परंतु पुढे तोंडाच्या विकाराचा दावा आला आणि डॉक्टरांच्या टिपणात खर्रा खाण्याचा इतिहास लिहिलेला निघाला, तर वाचवलेल्या हप्त्याची किंमत भारी पडते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण व वाहक बऱ्याच घरांत आहेत. चाचणी झालेली असेल, तर रक्तविकाराविषयीच्या प्रश्नाखाली तिचा निष्कर्ष जसा आहे तसा लिहावा. भरलेल्या अर्जाची प्रत पॉलिसीबरोबर येते, ती वाचावी आणि चूक दिसल्यास कंपनीला लेखी कळवावी. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती पसंत नसल्यास परत करण्याचाही हक्क आहे. कंपनीने द्यावयाच्या ग्राहक माहिती पत्रकात मुख्य लाभ, वगळलेल्या बाबी आणि प्रतीक्षा कालावधी थोडक्यात दिलेले असतात, आणि हे पत्रक मागितल्यास मराठीतून मिळू शकते. बहुतेक लोक ते मागतच नाहीत.

जीवन विम्याचे गणित त्या मानाने सोपे आहे. शुद्ध मुदत विम्यात, ज्याला सर्रास टर्म प्लॅन म्हटले जाते, मुदतीत मृत्यू झाल्यास वारसांना ठरलेली रक्कम मिळते आणि विमाधारक हयात राहिल्यास काहीही मिळत नाही. ‘मग पैसे बुडाले की,’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. त्याच आक्षेपापोटी लोक बचत-विमा घेतात आणि वर्षाला ५०,००० रुपये भरूनही पाच-सात लाखांच्या संरक्षणावर समाधान मानतात. किती रकमेचा विमा असावा, याचा अंदाज असा बांधता येतो. हिंगणा एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या घराचा खर्च महिना २५,००० रुपये आहे आणि मुले कमावती होण्यास १५ वर्षे आहेत असे धरले, तर ४५ लाख रुपये झाले. त्यात गृहकर्जाचे १८ लाख आणि शिक्षणाचे १२ लाख मिळवले की ७५ लाख होतात. हातात असलेली बचत यातून वजा करावी. महागाई धरली तर आकडा वाढेल, पण सुरुवातीस एवढा हिशेब पुरे. वैयक्तिक जीवन व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे जुने हप्त्याचे तक्ते पाहून निर्णय घेऊ नये.

विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार जीवन विमा पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे झाली, की कोणत्याही कारणावरून तिच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली असल्यास मात्र ही तीन वर्षे त्या तारखेपासून मोजली जातात. नामनिर्देशन लग्नानंतर बदलायचे राहून जाते आणि पॉलिसीवर वडिलांचेच नाव कायम राहते, असे अनेक घरांत घडते. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचे नाव दिले असल्यास त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचीही नोंद करावी लागते. व्यवसायावर कर्ज असलेल्या विवाहित पुरुषाने विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयीच्या १८७४ च्या कायद्याखाली पॉलिसी घेतल्यास ती रक्कम पत्नी व मुलांची राहते आणि सावकारांना तिच्यावर सहसा हक्क सांगता येत नाही. इतवारीतील व्यापारी कुटुंबांनी या तरतुदीचा विचार अवश्य करावा. ही निवड पॉलिसी घेतानाच करावी लागते.

अपघात विम्याकडे दुर्लक्ष होते, वास्तविक तो सर्वांत स्वस्त आहे. त्यात मृत्यूबरोबरच कायमच्या अपंगत्वाची भरपाई मिळते, आणि कमावता माणूस जिवंत राहूनही कमावू शकत नाही ही आपत्ती जीवन विम्यात बसत नाही. अपघात याचा विम्यातील अर्थ आकस्मिक, अनपेक्षित आणि बाह्य, दृश्य व हिंसक कारणाने घडलेली घटना असा आहे. त्यामुळे हृदयविकाराचा झटका, तो वर्धा रोडवर गाडी चालवताना आला तरी, स्वतः अपघात ठरत नाही. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूस दोन लाख मिळतात, तर ४३६ रुपयांच्या जीवनज्योती योजनेत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूस दोन लाख मिळतात. घरातील एखादी व्यक्ती गेल्यावर तिचे बँकेचे पासबुक या दोन कपातींसाठी जरूर तपासावे, कारण ज्या विम्याची माहितीच घरच्यांना नाही त्याचा दावा कोण करणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता प्रति कुटुंब वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, परंतु ते नोंदणीकृत रुग्णालयांत आणि ठरवून दिलेल्या उपचारांनाच मिळते. नोकरीतील गट विमा नोकरीबरोबर संपतो, हेही ध्यानात ठेवावे.

दावा करताना, नियोजित शस्त्रक्रिया असेल तर कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) किमान दोन दिवस आधी कळवावे, तातडीच्या वेळी दाखल होताच कळवावे. कॅशलेस विनंतीवर, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याच्या विनंतीवर, एका तासात आणि रुग्णालयातून घरी सोडण्याच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. उशीर होत असल्यास विनंती पाठवल्याची वेळ रुग्णालयाच्या विमा कक्षाकडून लेखी घ्यावी. डॉक्टरांच्या पहिल्या टिपणावर लक्ष ठेवावे: ‘सहा महिन्यांपासून त्रास’ असे असताना घाईत ‘सहा वर्षांपासून’ लिहिले गेले, तर तो आजार पूर्वीचा ठरतो आणि ती एक ओळ पुढे महिनोन्महिने छळते. मृत्यूच्या दाव्यास महानगरपालिकेचा मृत्यू दाखला, मूळ पॉलिसी, वारसाचे ओळखपत्र व रद्द केलेला धनादेश लागतो. अपघात असल्यास प्रथम खबरी अहवाल, पंचनामा आणि मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या शासकीय रुग्णालयांतून मिळालेला शवविच्छेदन अहवाल जोडावा लागतो. या कागदांच्या साक्षांकित प्रती सुरुवातीलाच चार-पाच काढून ठेवाव्यात.

दावा नाकारला गेल्यास नकाराचे पत्र मागून घ्यावे आणि त्यात कोणत्या कलमाचा आधार दिला आहे ते पाहावे. पहिली लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर होऊ शकते. प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो, मात्र तेच प्रकरण आयोगापुढे प्रलंबित असेल तर लोकपाल ते स्वीकारत नाहीत. म्हणून आधी लोकपालाकडे जावे, आणि आयोगाची दोन वर्षांची मुदत नकाराच्या पत्राच्या तारखेपासून मोजून त्याच पत्रावर लिहून ठेवावी.