जुन्या डिझेल बसला कोणतं ऑइल घालावं आणि डिझेलमध्ये काय टाकावं

मराठवाड्यात स्कूल बस, वऱ्हाडाच्या गाड्या आणि तुळजापूर-पंढरपूरच्या फेऱ्या करणाऱ्या बसमध्ये बीएस-२ आणि बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी मानकांच्या) काळातली इंजिनं अजून बरीच आहेत: टाटाचं ६९७, कमिन्सचं ६बीटी, लेलँडमधलं हिनो. पार्टच्या दुकानात यांच्यासाठी ‘धूर बंद’, ‘आवाज बंद’, ‘अ‍ॅव्हरेज वाढवा’ अशा बाटल्यांची रांगच असते. त्यातल्या बहुतेक बाटल्यांची तुमच्या गाडीला गरज नसते. एखादीची खरंच असते, पण ती कोणती हे तक्रार नेमकी कळल्याशिवाय ठरत नाही.

आधी इंजिनचं बघा

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि ऑइलची पट्टी पुसून लेव्हल बघा. वरच्या खुणेपर्यंत भरा. पुढच्या १,००० किलोमीटरमध्ये किती ऑइल घालावं लागलं ते मापाने मोजून लिहा. लिटरला साडेचार किलोमीटर देणारी बस तेवढ्या अंतराला साधारण २२० लिटर डिझेल जाळते. ऑइल एक-सव्वा लिटरच्या आत गेलं तर जुन्या इंजिनासाठी ते चालण्यासारखं आहे. दोन लिटरच्या वर गेलं, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बॅक कॉम्प्रेशन मारतंय आणि चढाला निळा धूर निघतोय, तर रिंग-लायनरचं (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या अस्तराचं) काम आलंय. कुठलीही बाटली झिजलेला लायनर भरून काढत नाही.

लेव्हल वाढली तर जास्त घाबरा. चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) डिझेल उतरतंय असा बहुधा त्याचा अर्थ. कारण बहुतेक वेळा फीड पंप, इंजेक्शन पंपाचे एलिमेंट किंवा ठिबकणारं नोझल असतं. पट्टीवरचं ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला, ऑइल पातळ लागलं, तर आधी गळती काढा. नाहीतर नवीन घातलेलं महागडं ऑइलही तसंच पातळ होणार.

ऑइलचं प्रेशर गरम इंजिनावर बघायचं. ६बीटीला आयडलवर किमान ०.७ बार आणि पूर्ण वेगाला किमान २.१ बार हवा. दुसऱ्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तकातून घ्या. आणि डॅशबोर्डवरच्या जुन्या मीटरवर विसंबू नका, मेकॅनिकल गेज लावून एकदा खात्री करा.

ऑइलचा ग्रेड

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या: जाडी (१५डब्ल्यू-४० सारखा आकडा, शेवटचा नंबर गरम ऑइलच्या जाडीचा) आणि एपीआय या अमेरिकन संस्थेने ठरवलेला दर्जाचा वर्ग (सीआय-४ सारखा). धडधाकट इंजिनाला १५डब्ल्यू-४०, सीआय-४ घ्या आणि विषय संपवा. आपल्याकडे परभणी-नांदेडला उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, म्हणून अनेकांना ४० पातळ वाटतं. पण इंजिनाच्या आतलं ऑइल एरवीही शंभर अंशांच्या आसपास तापलेलं असतं. कूलिंग नीट असेल तर बाहेरच्या पाच-सात अंशांनी त्यात फार फरक पडत नाही. रेडिएटरची जाळी भुश्याने बुजलेली असेल तर मात्र पडतो, आणि तेव्हा जाळी साफ करायची असते, ऑइल बदलायचं नसतं.

२०डब्ल्यू-५० कधी? बेअरिंग झिजलेत, गरम आयडलला प्रेशर काठावर आहे, आणि इंजिन बांधायला दोन-चार महिने आहेत, तेव्हा. १०० अंशांना ४० नंबरच्या ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) असते, ५० नंबरची १६.३ ते २१.९. त्यामुळे प्रेशरचा काटा थोडा वर जातो, झीज आहे तिथेच राहते. पहाटे स्टार्टला जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, म्हणून टर्बोच्या गाडीत स्टार्ट केल्यावर निदान अर्धा मिनिट रेस करू नका.

सीएफ-४ हा वर्ग कालबाह्य झालाय. स्वस्तात मिळाला तरी सोडा. सीएच-४ चालतं. सीके-४ हे २०१६ च्या शेवटी आलं. त्यात राखेवर मर्यादा आहे ती धुराच्या फिल्टरसाठी, आणि तुमच्या बसला तो फिल्टरच नाही. घातलं तर बिघडत नाही, पण जास्तीचे पैसे कशाला? पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं, त्याचं आम्ल मारायला ऑइलमध्ये क्षार जास्त लागायचा. एप्रिल २०२० पासून पंपावरच्या डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम आहे, त्यामुळे ती चिंता गेली. भेसळीचं डिझेल भरत असाल तर गोष्ट वेगळी.

वर्षानुवर्षं हलक्या प्रतीचं ऑइल खाल्लेल्या इंजिनात फ्लशिंगची बाटली ओतू नका. सुटलेला गाळ चेंबरमधल्या पिकअपच्या जाळीवर बसतो आणि प्रेशर जातं. चांगलं सीआय-४ घालून पहिले दोन बदल निम्म्या अंतरावर करा, फिल्टर दरवेळी नवा. गाळ हळूहळू निघतो. ऑइलमध्ये टाकायचे टेफ्लॉन, ‘जाड करणारे’ वगैरे पदार्थही नकोत. ऑइल कंपनीने डिटर्जंट, झीजरोधक, फेसरोधक सगळं मोजून घातलेलं असतं आणि त्याचा तोल बाहेरून बिघडतो.

बदलायची वेळ आली का, ते बघायची साधी रीत: गरम इंजिनातून पट्टीवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाका आणि तासभर आडवा ठेवा. काळा रंग मधून बाहेर सारखा पसरत गेला तर ऑइल अजून काजळी धरून ठेवतंय. मधे घट्ट काळा ठिपका आणि त्याला धारदार कड दिसली, तर त्याचं बळ संपलं. कडेला पारदर्शक तेलकट वलय मोठं असेल, तर डिझेलची शंका घ्या. पाण्याची शंका असेल तर थेंब तापलेल्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे.

धुळीचं मात्र नीट घ्या. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची गाडी असेल तर इंजिन धुळीने मरतं, ऑइलने नाही. बऱ्याच जुन्या बसला ऑइल-बाथ एअर क्लीनर (ऑइलच्या भांड्यात धूळ धरणारा हवेचा फिल्टर) असतो. त्यातलं ऑइल आठवड्याला उघडून बघा. तळाशी बोटाच्या एका पेराएवढा गाळ झाला की भांडं डिझेलने धुऊन नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, निळा धूर येतो आणि चांगल्या रिंगांवर आळ येतो.

डिझेलमध्ये काय

गंधक काढताना डिझेलमधले नैसर्गिक वंगण घटकही जातात, म्हणून रिफायनरी त्यात वंगण पदार्थ परत घालते. डिझेलच्या आयएस १४६० मानकात वंगणाच्या चाचणीत उमटणाऱ्या झिजेच्या डागाची मर्यादा ४६० मायक्रॉन आहे. म्हणजे चांगल्या पेट्रोल पंपाचं डिझेल जुन्या इंजेक्शन पंपालाही पुरतं. तरी इनलाइन आणि रोटरी या इंजेक्शन पंपाच्या दोन प्रकारांत फरक करा: इनलाइनचा कॅम इंजिन ऑइलवर चालतो, फक्त प्लंजर (डिझेल दाबून पुढे ढकलणारा दांडा) डिझेलवर, रोटरीचा सगळा जीव डिझेलवर. रोटरी असेल आणि पंप जुना असेल तर वंगण वाढवणारं अ‍ॅडिटिव्ह घालायला हरकत नाही. नव्या डिझेलवर जुने रबर सील आकसून पंप ठिबकू लागला असेल तर मात्र सील किट टाका.

काळ्या धुरावर डिटर्जंट (नोझल साफ करणारं अ‍ॅडिटिव्ह) चालतो, पण तो तिसऱ्या पायरीवर:

१. एअर फिल्टर आणि सायलेन्सर मोकळा आहे का बघा.
२. टाकीच्या तळाचा प्लग खोलून दोन-तीन लिटर डिझेल काढा. पाणी आणि गंज निघेपर्यंत सोडा. डिझेल फिल्टर बदला, हवा काढा.
३. मग दोन टाक्या लागोपाठ डिटर्जंट घाला. सुटलेली घाण फिल्टरला येते, त्यामुळे एक फिल्टर गाडीत जादा ठेवा.
४. तरी धूर कमी नाही, तर नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला. आणखी बाटली घेऊ नका.

सीटेन (डिझेल किती पटकन पेटतं याचा आकडा) वाढवणारं द्रव्य थंड स्टार्टला पांढरा धूर आणि खडखडाट असेल तर थोडा गुण देतं. पंपावरच्या डिझेलचं सीटेन किमान ५१ असतंच. टायमिंग मागेपुढे असेल तर उपयोग नाही. थंडीत डिझेल घट्ट होऊ नये म्हणून मिळणारं औषध मराठवाड्यासाठी नाहीच.

डोस लेबलवरून मोजा. १:१००० म्हणजे लिटरला १ मिली. १६० लिटर भरताना १६० मिली. १:४०० असेल तर त्याच टाकीला ४०० मिली. आधी बाटली, मग डिझेल, म्हणजे ते ढवळलं जातं. दुप्पट घालून दुप्पट फायदा होत नाही. रॉकेल घालू नका: भेसळ म्हणून गुन्हा आहेच, शिवाय वंगण कमी होऊन प्लंजर खरवडतात. जळकं ऑइल गाळून घालणारेही आहेत. त्यातली राख आणि धातूचा चुरा नोझलच्या भोकांत बसतो. पेट्रोल आणि स्पिरिट तर नकोच.

स्कूल बस दिवाळीत किंवा उन्हाळी सुट्टीत उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी होऊन तळाला जातं. पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते. फिल्टर उघडल्यावर काळा बुळबुळीत थर दिसला तर आधी टाकी धुवा, मग जंतुनाशक अ‍ॅडिटिव्ह. नुसतं औषध टाकलं तर मेलेला थर सुटून फिल्टरच बुजवतो. पाणी ‘विरघळवणारी’ अल्कोहोलची औषधं घेऊ नका, कारण ती पाणी सेपरेटरमधून पुढे नोझलपर्यंत नेतात. पाणी वेगळं पाडणारी घ्या आणि सेपरेटरचा नळ दर सोमवारी सोडा.

ऑइलचा बॅरल अंगणात उभा ठेवला तर पावसाचं पाणी वरच्या चकतीवर साचून बुचातून आत ओढलं जातं. आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका रेषेत आडवी येतील अशी, म्हणजे ती ऑइलखाली राहून सुकत नाहीत.