ॲबसोल्यूट पोलॅरिटी कानाला कळते का? घरच्या घरी तपासायची पद्धत

भावांनो, कोल्हापुरात चांगली सिस्टीम घरात ठेवणारी दोन माणसं भेटली की हा विषय निघतोच. एकजण म्हणतो पोलॅरिटीचं बटन, म्हणजे आवाजाची अख्खी वेव्ह उलटी करणारं बटन, दाबलं की गायक समोर येऊन बसतो, दुसरा म्हणतो काही फरक नाही, मनाचे खेळ आहेत. माझं मत असं की फरक ऐकू येतो, पण ठराविक आवाजात आणि ठराविक परिस्थितीतच, आणि तुम्हाला येतो का हे तुम्ही न बघता ऐकल्याशिवाय ठरवू नका.

आधी घोळ मिटवू. माईकचा पडदा हवेच्या दाबानं आत गेला तर स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) तुमच्याकडं बाहेर यायला पाहिजे, ही सरळ पोलॅरिटी. दोन्ही स्पीकर एकदम उलटे झाले तर ॲबसोल्यूट पोलॅरिटी उलटली. एकच उलटा असेल तर तो प्रकार वेगळा, बेस गायब होतो आणि गायक मधोमध न राहता पसरतो, ते कुणालाही कळतं. मिरवणुकीत सिस्टीम लावणारी पोरं म्हणूनच आधी बेसचे बॉक्स तपासतात. घरी तपासायचं असेल तर ॲम्पच्या वायरी काढा, दीड व्होल्टचा सेल घ्या, प्लस लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवा, वूफर (बेसचा मोठा स्पीकर) बाहेर आला पाहिजे. जेबीएल कंपनीच्या काही जुन्या ड्रायव्हरमध्ये (बॉक्समधल्या सुट्या स्पीकरमध्ये) हे उलटं असतं, तिथं गोंधळू नका. आणि बऱ्याच टू-वे बॉक्समध्ये क्रॉसओव्हर (जाड आवाज वूफरला आणि बारीक ट्वीटरला वाटणारं सर्किट) जुळावा म्हणून ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो, म्हणजे त्या बॉक्सला सगळ्या पट्ट्यात एकच पोलॅरिटी नसतेच, म्हणून ऐकायची टेस्ट हेडफोनवर करा, खोलीचे पडसादही मधे येत नाहीत.

आता कुठला आवाज घ्यायचा? नुसत्या साईन वेव्हला, म्हणजे एकाच शुद्ध सुराला, वर-खाली सारखंच, उलटवून काय कळणार. वेव्ह एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला चपटी पाहिजे, ट्रम्पेट किंवा पुरुषाचा आवाज अशी असते. खासबाग मैदानात कुस्तीला हलगी कडाडते तिचंच बघा, समोर माईक धरला तर काडी पडताच चामडं माईकपासून लांब जातं, त्यामुळं पहिला झटका दाब कमी होण्याचा असतो, आणि उलटवलं की तोच दाब वाढण्याचा होतो. आतल्या कानातल्या केसपेशी मुख्यतः एकाच दिशेच्या हालचालीला सिग्नल देतात, म्हणून हा फरक मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

सगळ्यात पक्की टेस्ट स्वतः बनवा. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये प्रोजेक्ट रेट (सेकंदाला किती सॅम्पल) ४८००० ठेवा, एका ट्रॅकवर २०० हर्ट्झचा साईन टोन ०.५ लेव्हलनं, दुसऱ्यावर ४०० हर्ट्झचा ०.३ नं, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला ३० सॅम्पल सायलेन्स घाला, म्हणजे तो पाव फेरी मागं सरकतो. दोन्ही मिक्स करून झूम करा, वरचं टोक ०.८ वर आणि खालचं जेमतेम ०.४ वर दिसेल, असं एका बाजूला झुकलेलं दिसलं की काम झालं. त्याची कॉपी घेऊन इफेक्टमधलं इन्व्हर्ट लावा. मूळ आणि उलटी एकत्र वाजवली तर पूर्ण शांतता यायला पाहिजे, येत नसेल तर कुठंतरी चुकलंय. दोन्ही डब्ल्यूएव्ही (WAV) फाईल म्हणूनच सेव्ह करा, एमपीथ्री नको.

मग फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्सचा (न सांगता वाजवलेली फाईल दोनपैकी कुठली हे ओळखायच्या टेस्टचा) प्लगिन टाका, आवाज हळूच ठेवा आणि १६ वेळा ओळखायचा प्रयत्न करा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं मानायचं, कारण नुसत्या अंदाजानं एवढे यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. आवाज का हळू, तर मोठ्यानं वाजवलं की कोन आत-बाहेर सारखा हलत नाही, त्याचं डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) मिसळतं आणि तुम्ही ऐकता तो फरक पोलॅरिटीचा नाही तर ड्रायव्हरचा असू शकतो, आणि मोठमोठे दावे करणारे इथंच फसतात असं मला वाटतं.

लिपशित्झ, पोकॉक आणि व्हँडरकॉय या ऑडिओ संशोधकांनी १९८२ मध्ये टेस्ट सिग्नलवर हा फरक ऐकू येतो असं दाखवलं, आणि ग्राइनर आणि मेल्टन यांच्या १९९४ च्या पेपरचं म्हणणं असं की साध्या, एकट्या वाद्याच्या आवाजात जमतं पण भरगच्च गाण्यात अवघड जातं. अवघड का जातं तेही उघड आहे, गाण्यात दहा-वीस माईक असतात, स्नेअर ड्रमला वरनं एक आणि खालनं एक माईक असला तर खालचा बहुतेक वेळा उलटवलेला असतो, मग त्या गाण्याची खरी पोलॅरिटी कुठली म्हणायची? म्हणून टोनवर १२ आले की पुढची टेस्ट एकाच माईकवर घेतलेल्या गाण्यावर किंवा हलगीवर घ्या, आणि तिथंही जमलं तरच पोलॅरिटीचं बटन असलेला महागडा डॅक (डिजिटल फाईलचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) घ्यायचा विचार करा.