देणगीसाठी अर्ज करण्यापूर्वी मंडळाचे दप्तर तपासा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या युवक मंडळाला अभ्यासिका किंवा व्यायामशाळेसाठी स्थानिक विश्वस्त संस्थेकडून अथवा कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून मदत हवी असेल, तर अर्जाच्या भाषेपेक्षा दप्तराकडे आधी लक्ष द्यावे. गणेशोत्सवापुरती वर्गणीची परवानगी म्हणजेच संस्थेची नोंदणी, हा गैरसमज गावोगावी आढळतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झाल्यावरही विश्वस्त बदलले की कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. तो वर्षानुवर्षे राहून गेल्यामुळे कागदोपत्री जुनेच, क्वचित दिवंगत झालेले पदाधिकारी कायम असतात आणि नव्यांच्या सहीला देणगीदार व बँक दोघेही हरकत घेतात. माझ्या मते हे काम सर्वांत आधी उरकावे.

कंपनीचा निधी बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च व्हायचा असेल, तर तिला साधारणतः आयकराची १२अ (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०ग (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक (सामाजिक दायित्व निधी घेणाऱ्या संस्थांचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. नव्या मंडळाने म्हणूनच तालुक्यातील जुन्या, लेखापरीक्षण नियमित असलेल्या संस्थेला अर्जदार करून स्वतः काम पाहावे. मात्र पैसा कोणाच्या खात्यातून, कोणाच्या सहीने खर्च होईल, हे आधीच लेखी ठरवावे, कारण तोंडी बोलणी पुढे भाऊबंदकीसारखी चिघळतात.