पाणी चढण्याआधी: डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण झालेल्यांसाठी पुराची तयारी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५. पूरपट्ट्यातल्या माणसांना हे पाठ असतात. पण घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर धोका पातळीची वाट बघायची नसते. नदी त्या आकड्याला टेकेपर्यंत गावाबाहेरचा ओढा, फरशी पूल, जोडरस्ता पाण्याखाली गेलेला असतो. घर कोरडं असूनही माणूस मशीनपर्यंत पोचू शकत नाही.

अन्न साठवता येतं, औषध साठवता येतं, डायलिसिस साठवता येत नाही. म्हणून आधी हिशेब दिवसांचा करा. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असेल आणि शुक्रवार चुकला, तर बुधवारनंतर थेट सोमवार: पाच दिवस. आपल्याकडे खर्च आणि अंतर यांमुळे बरेच जण आठवड्यातून दोनदाच जातात. सोमवार-गुरुवारवाल्याचा गुरुवार चुकला की सात दिवस होतात. तेवढ्यात रक्तातलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवण्याइतकं वाढू शकतं आणि साठलेलं पाणी फुप्फुसात उतरू शकतं. दोनदावाल्यांनी तयारी जास्त कडक ठेवायला हवी ती यासाठीच.

पहिलं काम: डायलिसिस आधी उरकणं

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला, धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की त्याच दिवशी सेंटरला फोन करा आणि पुढची पाळी एक दिवस अलीकडे मागा. पूर्ण चार तास मिळत नसतील तर तीन घ्या, पण घ्या. २०१२ साली अमेरिकेत सँडी चक्रीवादळ किनाऱ्याला लागण्याआधी न्यूयॉर्क-न्यूजर्सी भागातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचं डायलिसिस आगाऊ करण्यात आलं. ज्यांचं झालं होतं, त्यांच्यात नंतर इमर्जन्सीत धावण्याचं, भरती होण्याचं आणि मृत्यूचंही प्रमाण कमी आढळलं. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

सेंटरकडे पावसाळ्याआधीच, मे महिन्यात, चौकशी करून ठेवा. मशीन कोणत्या मजल्यावर आहेत? जनरेटर तळघरात आहे का? असेल तर पहिल्यांदा तोच बुडेल. डिझेल किती तासांचं असतं? नळाचं पाणी बंद पडलं तर टँकर कोण देणार? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मिनिटाला ५०० मिली या वेगाने चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि आरओमधून वाया जाणारं धरलं तर कच्चं पाणी त्याहून बरंच जास्त. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर कित्येक दिवस तुटलं. त्याच वेळी उपसा केंद्रं बुडाल्याने शहराचे नळही बंद होते. चहूकडे पाणी आणि मशीनला पाणी नाही, अशी वेळ येऊ शकते.

मुक्काम कुठे हलवायचा

बहुतेक घरं उंचावरच्या नातेवाइकाकडे जातात. तुम्ही नदीच्या ज्या काठावर मशीन आहे, त्या काठावरचं घर बघा. नृसिंहवाडीसारख्या संगमावरच्या किंवा प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या दर पुरात रिकाम्या कराव्या लागणाऱ्या गावात राहत असाल, तर मामाचं घर कितीही उंच टेकाडावर असलं तरी वाटेत पूल असेल तर ते उपयोगाचं नाही. दोन सेंटर हेरून ठेवा: एक नेहमीचं, दुसरं वेगळ्या तालुक्यातलं आणि वेगळ्या रस्त्यावरचं. तलाठी, ग्रामसेवक आणि आशाताईंना आधीच सांगा की या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे, म्हणजे बोट आली की आधी कुणाला काढायचं हे त्यांना ठाऊक असेल. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८. फोन लागला की पहिलं वाक्य असं असू द्या: "डायलिसिसचा रुग्ण आहे, शेवटचं डायलिसिस अमुक तारखेला झालं." नुसतं "आजारी आहे" म्हटलं तर घाई कुणाच्या लक्षात येत नाही.

फाइल

अनोळखी सेंटर तुम्हाला मशीनवर घेईल की नाही, हे बऱ्याचदा एका कागदावर ठरतं. तो कागद म्हणजे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा ताजा रिपोर्ट. हिपॅटायटिस बी असलेल्यांना वेगळं मशीन लागतं, त्यामुळे रिपोर्टशिवाय कुणी धोका पत्करत नाही. तपासणी वेळच्या वेळी करा आणि रिपोर्ट सेंटरच्या कपाटात राहू देऊ नका, प्रत तुमच्याकडे हवी.

त्यासोबत एका पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्या: ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) कोणता, किती तास, रक्ताचा वेग, हेपरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस किंवा "हेपरिन नको", फिस्टुला (हातात शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) की परमकॅथ (छातीतून बसवलेली नळी) आणि कोणत्या बाजूला, ॲलर्जी, रक्तगट, सर्व औषधं. रेशनकार्ड, आधार आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं यांच्या प्रती जोडा. सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. फोटो काढून स्वतःच्या आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाच्या मोबाइलवर ठेवा, कारण दोन दिवसांत तुमचा फोन बंद पडणार हे धरूनच चालायचं.

डायलिसिस लांबलं तर: तीन दिवसांचं खाणंपिणं

पाळी हुकणार असं कळल्या क्षणापासून हा आहार सुरू करा, त्रास व्हायला लागल्यावर नव्हे.

पाणी: लघवी जवळजवळ होत नसेल तर दिवसाला साधारण ५०० मिली. यात चहा, ताक, वरणाचं पाणी, गोळ्यांसोबतचा घोट, सगळं आलं. सकाळी अर्ध्या लिटरची बाटली भरा आणि दिवसभर त्यातूनच घ्या; चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका. तहान लागली तर लवंग किंवा वेलची तोंडात धरा, चूळ भरून थुंका. लघवी बऱ्यापैकी होत असेल तर मर्यादा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा. वजनकाटा उचलून नेण्यासारखा असेल तर न्या. रोजचं वजन हाच शरीरातल्या पाण्याचा हिशेब.

अन्न: एका डब्यात मीठ न लावलेले कुरमुरे, अर्धा किलो पातळ पोहे, रवा, साखर, तुपाची छोटी बरणी, मारी बिस्किटं, तीन-चार सफरचंदं. पुरात गॅस सिलिंडर मिळेनासे होतात, म्हणून चूल न पेटवता खाता येईल असं निम्मं तरी हवं. पोहे पाण्याचा हबका मारून साखर-तुपासोबत खाता येतात. भात मिळाला तर तूप-भात, वरण दोन चमच्यांपुरतं. दिवसातून एक अंडं किंवा अर्धी वाटी दही चालेल. प्रथिनं तीन दिवस कमीच राहू द्या; नेहमीचा "प्रथिनं भरपूर खा" हा सल्ला डायलिसिस वेळेवर होत असताना लागू पडतो. पोटॅशियम कमी करायला बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकण्याची युक्ती इथे विसरा, तेवढं पाणीच नसतं.

निवारा केंद्रात जपायचं ते मदतीच्या ताटापासून. देणाऱ्यांचं मन मोठं असतं, पण वाटली जातात ती केळी, शहाळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, फरसाण, लोणचं. पहिल्या चारांत पोटॅशियम, उरलेल्या दोनांत मीठ. अशक्त दिसणाऱ्या माणसाच्या हातात कुणीतरी हमखास शहाळं ठेवतं. नम्रपणे परत करा. ओआरएसचंही तसंच: त्यात पोटॅशियम असतं, आणि लघवी न होणाऱ्या रुग्णाने ते डॉक्टरांना न विचारता पिऊ नये. "कमी सोडियमचं मीठ" तर घरातही ठेवू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर, कॅल्शियम पॉलीस्टायरिन सल्फोनेट, साधारणपणे १५ ग्रॅमच्या पुड्यांत मिळते. किती आणि कितीदा घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन पुड्या पिशवीत ठेवा. बाकीच्या गोळ्या आणि ही पावडर यांत तीन तासांचं अंतर हवं. बद्धकोष्ठता होते, तिचंही औषध सोबत घ्या.

मधुमेह असेल तर किडनी निकामी झाल्यावर इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, आणि जेवण हुकलं की साखर झपकन खाली येते. अशा वेळी संत्र्याचा रस नको, साखर किंवा ग्लुकोज पावडर तीन-चार चमचे द्या. हिमोग्लोबिनच्या इंजेक्शनसाठी मात्र बर्फ शोधत फिरू नका. ते चार दिवस लांबल्याने लगेच काही बिघडत नाही.

आडवं झाल्यावर दम लागणं, पायातली ताकद गेल्यासारखं वाटणं, छातीत धडधड किंवा ठोके मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर आहार पाळत बसू नका. तेव्हा बोट, ट्रॅक्टर, जे मिळेल त्याने दवाखाना गाठा.

हात आणि नळी

फिस्टुलाच्या हाताला धरून कुणी ओढू नये, त्यावर दोर गुंडाळू नये, त्यातून सलाइन लावू नये. बचाव पथकातल्या माणसाला हे माहीत नसतं. त्या हातावर ठळक फीत बांधा, "सुई नको, बीपी नको" असं मराठीत लिहून. रोज सकाळ-संध्याकाळ बोटांनी फिस्टुलाची थरथर तपासा. थांबली असेल तर काही तासांत दाखवावं लागतं.

फिस्टुलातून भळाभळा रक्त येऊ लागलं तर नेमक्या भोकावर बोटाने दाबा आणि हात उंच धरा. मोठा टॉवेल गुंडाळल्याने दाब पसरतो आणि रक्त आत जिरत राहतं. बोट टिकत नसेल तर बाटलीचं झाकण पोकळ बाजू खाली करून भोकावर घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा.

परमकॅथ असेल तर पुराच्या पाण्यात छातीपर्यंत उतरू नका. नाइलाज झाला तर नळीचे दोन्ही क्लॅम्प (चिमटे) बंद आणि टोप्या घट्ट आहेत हे पाहून वर प्लास्टिक चिकटपट्टीने बंद करा. ड्रेसिंग ओलं झालं तर लवकरात लवकर बदलून घ्या. थंडी वाजून ताप आला तर तो नळीचा समजूनच दाखवा.

मशीनवर असतानाच इमारत सोडावी लागली तर चार क्लॅम्प लक्षात ठेवा: दोन सुयांच्या नळ्यांवरचे, दोन मशीनच्या जाड नळ्यांवरचे. चारही बंद करा, मगच मधला जोड फिरवून सोडवा. सुया हातातच राहू द्या. सुरक्षित जागी कर्मचारी काढतील. नळीतलं थोडं रक्त जाईल, जाऊ द्या. हाताकडची नळी कापू मात्र नका. हे एखाद्या साध्या दिवशी टेक्निशियनकडून दाखवून घ्या आणि स्वतःच्या हाताने करून बघा.

पोटाचं डायलिसिस

सीएपीडीवाले, म्हणजे घरीच हाताने पोटात द्रावण भरून बदलणारे, यात थोडे सुटे असतात, पण त्यांचा सगळा जीव द्रावणाच्या पिशव्यांत. दिवसाला तीन-चार पिशव्या, दोन-दोन लिटरच्या. दोन आठवड्यांचा साठा माळ्यावर ठेवा, पलंगाखाली नव्हे. बाहेरचं आवरण फुगलेलं, फाटलेलं किंवा पुराच्या पाण्यात बुडालेलं असेल तर ती पिशवी टाका. पिशवी गरम पाण्यात बुडवून तापवू नका. वीज नसेल तर अंगाशी गोधडीत गुंडाळून कोमट करा. निवारा केंद्रात कोपऱ्यातली बंद खोली मागा, पंखा बंद, मास्क लावलेला, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे. निघालेलं पाणी गढूळ दिसलं तर ते संसर्गाचं लक्षण, त्याच दिवशी फोन करा. रात्रीचं मशीन वापरणाऱ्यांनी वीज गेल्यावर हाताने बदल करण्याचा सराव आणि त्याचं सामान दोन्ही ठेवावं.

प्रत्यारोपण झालेल्यांनी

तुमचं मशीन म्हणजे गोळ्यांचा डबा. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन जून ते सप्टेंबर कायम महिनाभर पुरतील इतकी असू द्या आणि दोन ठिकाणी विभागून ठेवा: एक वाटा अंगावरच्या पाउचमध्ये, एक पिशवीत. पट्ट्यांतून काढून डबीत भरू नका, दमट हवेत कॅप्सूल खराब होतात. दुकानदार "हेच औषध, दुसरी कंपनी" म्हणाला तर स्वतःहून बदलू नका, रक्तातली पातळी हलू शकते. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

निवारा केंद्रातल्या औषधपेटीपासून जपा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक नकोत, पॅरासिटामॉल चालतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी टॅक्रोलिमसची पातळी चढते, रिफॅम्पिसिनने उतरते. जुलाब झाले तरी ती चढू शकते, वर पाणी कमी झाल्याने नव्या किडनीला फटका. डायलिसिसवाल्याच्या उलट, तुम्ही ओआरएस घ्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पाणी खळखळ उकळलेलंच प्या.

पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढायला दुसऱ्यांना पाठवा. त्या चिखलात लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू असू शकतात. त्यावरच्या गोळ्या वाटायला आरोग्य कर्मचारी आले की प्रत्यारोपण झाल्याचं सांगून मगच घ्या. परतल्यावर आठवड्याच्या आत क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी तपासणी) आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासा.

पुन्हा मशीनवर

हुकलेल्या पाळीनंतर अंगावर पाच किलो पाणी असतं आणि ते एकाच बैठकीत काढा असा आग्रह रुग्णच धरतो. तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त ओढू नये. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं चार तासांत तीन लिटरच्या आसपास. त्यापुढे गेलं की पेटके येतात, बीपी कोसळतं आणि फिस्टुला बंद पडायची भीती असते. उरलेल्यासाठी दुसऱ्या दिवशीची जादा पाळी मागा. पुरानंतर पालिका पाण्यात क्लोरीन वाढवते आणि आरओआधीचा कार्बन फिल्टर त्याला पुरला नाही तर रक्तपेशी फुटू शकतात. म्हणून सुई लावून घेण्याआधी टेक्निशियनला विचारा: "आज पाण्यातलं क्लोरीन तपासलंत का?"